‘परिणामकारकता : एक अभ्यास’ – पण परिणाम नक्की कशाचा?



पेटची तयारी करणाऱ्यांकडून आणि नुकतीच पीएच.डी.ला नोंदणी झालेल्यांकडून मला हमखास ऐकायला मिळणारं वाक्य म्हणजे, "विषय पक्का आहे, संशोधन प्रश्न तेवढा जमत नाहीये." विषय शिक्षणातला असेल तर शीर्षक बहुतेक वेळा आधीच ठरलेलं असतं. ‘इयत्ता तिसरीच्या विद्यार्थ्यांसाठी वाचन कौशल्य विकास कार्यक्रमाची परिणामकारकता : एक अभ्यास.’ एक शाळा, दोन तुकड्या, पूर्वचाचणी, वीस दिवसांचं अध्यापन, उत्तरचाचणी, टी-चाचणी आणि शेवटी शून्य परिकल्पनेचा त्याग. ग्रंथालयातल्या प्रबंधांच्या कपाटात या साच्याची दहा-बारा तरी शीर्षकं सहज सापडतील.

साच्याला माझा विरोध नाही. पण एक गोष्ट बघा. या अभ्यासात शिकवतं कोण? संशोधक स्वतः. मुलं शिकली, गुण वाढले, टी-मूल्य सार्थक आलं. पण परिणाम नक्की कशाचा आला? कार्यक्रमाचा, की रोज वेळेवर येऊन जीव तोडून शिकवणाऱ्या, पदवीची गरज असलेल्या एका माणसाचा? तो माणूस निघून गेल्यावर त्या शाळेत काय उरतं?

मी संख्याशास्त्रात एम.एस्सी. करून शैक्षणिक मापनाकडे वळले. त्यामुळे ‘सार्थक फरक’ या शब्दाशी माझं जुनं नातं आहे. आज मी तुम्हाला एका संशोधन मालिकेची ओळख करून देणार आहे. तिच्यात हाच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला गेला आणि दर वेळी वेगळं उत्तर मिळालं. प्राथमिक शाळेतल्या मुलांना वाचता यावं म्हणून बडोद्यापासून उन्नावपर्यंत झालेल्या या चाचण्या आहेत. प्रश्न हळूहळू नेमका कसा होत जातो, हे शिकायला यापेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

प्रश्न केवढा आहे?

ग्रामीण भारतात ६ ते १४ वयाची ९८ टक्के मुलं शाळेत दाखल आहेत. म्हणजे मूल शाळेत आणण्याचा प्रश्न आपण बऱ्याच अंशी सोडवला. पण ‘असर’ २०२४ च्या पाहणीनुसार ग्रामीण भारतातल्या तिसरीच्या मुलांपैकी २७.१ टक्क्यांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येत होता. पाचवीत हाच आकडा ४८.८ टक्के होता.

याचा वर्गातला अर्थ काय होतो? चौथीचं परिसर अभ्यासाचं पुस्तक असं गृहीत धरून लिहिलेलं असतं की मुलाला वाचता येतं. गणिताची शाब्दिक उदाहरणंही तेच गृहीत धरतात. ज्याला वाचता येत नाही ते मूल रोज शाळेत येतं, हजेरी लागते, खिचडी खातं, फळ्यावरचं वहीत उतरवून घेतं आणि त्याला काहीच कळत नसतं. वर्ष पुढे जातं तसं अंतर वाढत जातं. म्हणून या विषयावर संशोधन करताना आपण गुणांच्या सरासरीशी खेळत नाही आहोत, याचं भान ठेवलेलं बरं.

मोजमाप : एक कागद आणि एक मूल

‘असर’ची वाचनचाचणी एका पानावर मावते. त्यात अक्षरं असतात, सोपे शब्द असतात, पहिलीच्या पातळीचा छोटा परिच्छेद असतो आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट असते. मुलाला आधी परिच्छेद देतात. तो सहज वाचला तर गोष्ट देतात, अडखळलं तर शब्द, तेही जमले नाहीत तर अक्षरं. पाचपैकी चार अक्षरं ओळखली तर मूल ‘अक्षर’ पातळीवर, पाचपैकी चार शब्द वाचले तर ‘शब्द’ पातळीवर. एका वेळी एकच मूल, तोंडी.

यात मापनाचा एक महत्त्वाचा मुद्दा दडलेला आहे. समजा, तिसरीच्या मुलांना तुम्ही तिसरीच्या अभ्यासक्रमावरची लेखी चाचणी दिलीत. ज्याला एकही अक्षर येत नाही त्याला शून्य, आणि ज्याला शब्द येतात पण वाक्य येत नाही त्यालाही शून्य. दोन महिन्यांनी पहिलं मूल अक्षरावरून शब्दांपर्यंत आलं तरी तुमच्या चाचणीत ते शून्यावरच. म्हणजे शिकणं झालं, पण पट्टीवर खूणच नव्हती. याला तळ परिणाम म्हणतात. साधन निवडताना ‘प्रमाणित आहे का’ एवढंच विचारू नका. माझी मुलं जिथे उभी आहेत तिथे या पट्टीवर खुणा आहेत का, हे आधी विचारा.

केनियातली पुस्तकं

भारतात येण्याआधी थोडं केनियात जाऊ, कारण पुढच्या सगळ्या चाचण्यांमागचं गृहीतक तिथल्या एका अभ्यासामुळे नीट समजतं. मायकल क्रेमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात पश्चिम केनियातल्या काही शाळांना मोफत पाठ्यपुस्तकं दिली. शाळा लॉटरीनं निवडलेल्या. अपेक्षा साधी होती : पुस्तकं भरपूर मिळाली की गुण वाढतील.

सरासरी गुण वाढले नाहीत. फायदा झाला तो आधीपासून पुढे असलेल्या मुलांना. कारण पुस्तकं इंग्रजीत होती, बऱ्याच मुलांसाठी ती तिसरी भाषा होती, आणि अभ्यासक्रम वर्गातल्या वरच्या मुलांना धरून आखलेला होता. बाकीच्यांना पुस्तक मिळालं, पण ते वाचताच येत नव्हतं.

यातून निघालेलं गृहीतक असं : अडचण साधनांच्या कमतरतेपेक्षा, शिकवणं आणि मुलाची पातळी यांचा मेळ नसण्यात आहे. मग पातळीला धरून शिकवलं तर?

बडोदा आणि मुंबई : बालसखी

‘प्रथम’ ही संस्था १९९५ मध्ये मुंबईत सुरू झाली. तिचा ‘बालसखी’ हा कार्यक्रम होता. वस्तीतलीच एखादी शिकलेली मुलगी, महिना ५०० ते ७५० रुपये मानधनावर, वर्गातल्या मागे पडलेल्या १५-२० मुलांना रोज दोन तास वेगळं बसवून मूळ गोष्टी शिकवायची. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी २००१ ते २००३ या काळात बडोदा आणि मुंबईतल्या महापालिका शाळांमध्ये याची चाचणी घेतली.

आधी रचना बघा, कारण नैतिकतेचा प्रश्न तुम्हालाही सल्लागार समितीत विचारला जाणार आहे. अर्ध्या शाळांना काहीच द्यायचं नाही, हे कसं पटवणार? बडोद्यात शाळांचे लॉटरीनं दोन गट केले. पहिल्या वर्षी एका गटाला तिसरीसाठी बालसखी मिळाली, दुसऱ्याला चौथीसाठी. पुढच्या वर्षी अदलाबदल. कोणतीच शाळा रिकाम्या हाती राहिली नाही, आणि एका गटाची तिसरी ही दुसऱ्या गटाच्या तिसरीसाठी नियंत्रित गट झाली. कागदावर दोन ओळींची ही युक्ती, पण तिच्यामुळे मुख्याध्यापक हो म्हणतात.

निष्कर्ष असा : भाषा आणि गणित मिळून गुण पहिल्या वर्षी ०.१४ आणि दुसऱ्या वर्षी ०.२८ प्रमाण विचलनानं वाढले. प्रमाण विचलन हा शब्द घाबरवतो, म्हणून असं समजा : गुण सामान्य वितरणात असतील तर ०.२८ म्हणजे शंभरांत बरोबर मध्ये, पन्नासाव्या जागी असलेलं मूल साधारण एकसष्टाव्या जागी पोचतं. फायदा मुख्यतः तळातल्या मुलांना झाला.

मला यातला सर्वांत आवडणारा निष्कर्ष वेगळाच आहे. मागे पडलेली मुलं बालसखीकडे गेली की मूळ वर्ग लहान होतो. मग फायदा वर्ग लहान झाल्यामुळे झाला असेल का? तसं असतं तर वर्गात उरलेल्या मुलांचे गुणही वाढले असते. ते वाढले नाहीत. म्हणजे एक पर्यायी स्पष्टीकरण त्याच आकडेवारीतून बाद झालं. आपल्या प्रबंधात ‘चर्चा’ प्रकरण लिहिताना आपण हे किती वेळा करतो?

आणि एक काळी बाजू. कार्यक्रम संपल्यावर वर्षभरानं हा फायदा लक्ष्यगटातल्या मुलांमध्ये टिकून होता, पण साधारण ०.१० वर उतरला होता. उत्तरचाचणी वीस दिवसांनी घेऊन आपण थांबतो, तेव्हा हे दिसणारच नसतं.

जौनपूर : किती मुलं आली?

पुढचा प्रश्न : शहरातली पगारी बालसखी बाजूला ठेवली आणि गावानंच हे हातात घेतलं तर? २००५-०६ मध्ये उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्यातल्या २८० गावांत चाचणी झाली. काही गावांत शाळेच्या व्यवस्थेबद्दल आणि ग्राम शिक्षण समितीच्या अधिकारांबद्दल माहिती देणाऱ्या बैठका झाल्या. काही गावांत त्यासोबत गावकऱ्यांनी स्वतःच मुलांचं वाचन तपासायचं. तिसऱ्या गटात याशिवाय गावातल्या तरुणांना वाचन शिबिर घ्यायला शिकवलं, मानधनाशिवाय. चौथा गट नियंत्रित.

माहिती देऊन काही झालं नाही. पालकांचा सहभाग, शिक्षकांची मेहनत, शाळेतलं शिकणं, कशातच फरक पडला नाही. ‘जागृती केली की समाज जागा होतो’ हे वाक्य आपण प्रस्तावनेत सर्रास लिहितो. इथे ते तपासलं गेलं आणि टिकलं नाही.

शिबिरांचं मात्र वेगळं झालं. सुरुवातीला काहीच वाचता न येणारी जी मुलं शिबिरात आली, त्यांची अक्षरं ओळखण्याची शक्यता तशाच इतर मुलांपेक्षा ६० टक्केबिंदूंनी वाढली. प्रचंड परिणाम! पण आली किती? वाचता न येणाऱ्या मुलांपैकी फक्त १३ टक्के.

आता हा गुणाकार करून बघा. शंभर मुलांपैकी १३ आली, त्यांच्यावर परिणाम ६०. गावातल्या वाचता न येणाऱ्या सगळ्या मुलांच्या सरासरीवर तो दिसतो १३ टक्के गुणिले ६०, म्हणजे साधारण ८. दोन्ही आकडे खरे आहेत. पहिला सांगतो, कार्यक्रम *घेतल्यानं* काय होतं. दुसरा सांगतो, कार्यक्रम *देऊ केल्यानं* काय होतं. शिक्षणाधिकाऱ्याच्या कामाचा दुसरा, कारण त्याच्या जिल्ह्यात शंभरही मुलं आहेत. आणि पहिल्यात एक अट आहे : तो जी मुलं यायला तयार झाली त्यांच्यापुरता आहे. न आलेली ८७ मुलं आली असती तर तेवढाच फायदा झाला असता, असं त्यातून म्हणता येत नाही.

तुमच्या अभ्यासात गैरहजर राहिलेल्या मुलांना विश्लेषणातून वगळणार असाल तर इथे दोन मिनिटं थांबा. ‘नियमित उपस्थित विद्यार्थ्यांचाच विचार केला’ हे मर्यादांमधलं निरुपद्रवी वाक्य तुमचा प्रश्नच बदलून टाकतं.

बिहार आणि उत्तराखंड : तेच शिक्षक, वेगळा महिना

मुलं शिबिरात येत नाहीत, पण शाळेत तर येतात. मग हीच पद्धत सरकारी शिक्षकांच्या हाती दिली तर? २००८ ते २०१० मध्ये बिहारमधल्या पश्चिम चंपारण आणि उत्तराखंडातल्या देहरादून व हरिद्वार जिल्ह्यांत हे तपासलं गेलं.

बिहारमध्ये जून २००८ मध्ये महिनाभराचं उन्हाळी शिबिर झालं. शिकवणारे सरकारी शिक्षक, मदतीला स्वयंसेवक. काही आठवड्यांत गुण साधारण ०.०९ प्रमाण विचलनानं वाढले. मग शाळा सुरू झाल्या. शाळेच्या वर्षात काही शाळांना नुसतं साहित्य दिलं, काहींना साहित्य आणि शिक्षक प्रशिक्षण, काहींना साहित्य, प्रशिक्षण आणि स्वयंसेवक.

नुसत्या साहित्याचा परिणाम नाही. साहित्य अधिक प्रशिक्षणाचाही नाही. बिहारमध्ये स्वयंसेवक जोडले तिथेच भाषेत सुमारे ०.११ ची वाढ दिसली. तिथे स्वयंसेवक शाळेच्या वेळेबाहेर मुलांना घेऊन बसत. उत्तराखंडात स्वयंसेवक जोडूनही काही हाती लागलं नाही, कारण तिथे ते शाळेतच होते आणि हळूहळू नेहमीच्या वर्गांवर मदतनीस म्हणून कामाला लागले.

या निष्कर्षापाशी जरा रेंगाळा. ‘सरकारी शिक्षकांना येत नाही’ किंवा ‘त्यांना करायचं नाही’ असं म्हणावं तर जूनमध्ये सरकारी शिक्षकांनीच करून दाखवलं होतं. ‘पद्धतच चुकीची’ म्हणावं तर स्वयंसेवकांच्या हातात ती चालत होती. मग जून आणि जुलैमध्ये बदललं काय? जूनमध्ये अभ्यासक्रम नव्हता. जुलैत शिक्षकांसमोर वर्गवार मुलं, वर्गवार पुस्तकं आणि ‘पोर्शन’ संपवण्याची जबाबदारी होती. पुढे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं तर ठरलेल्या मुदतीत पूर्ण अभ्यासक्रम पुरा करणं हे शिक्षकाचं कर्तव्य म्हणूनच लिहिलं. अशा चौकटीत नवं साहित्य आलं की ते जुन्या पुस्तकासारखंच वापरलं जातं. प्रशिक्षण होतं, सही होते, चहा होतो, आणि सोमवारी पाठ क्रमांक सात पुढे सुरू होतो.

म्हणजे नकारात्मक निष्कर्षांनी प्रश्न बंद केला नाही. त्यांनी तो धारदार केला : शाळेच्या आत, अभ्यासक्रमाच्या चौकटीत, या पद्धतीसाठी जागा कशी तयार करायची?

हरियाणा : एक तास, आणि कोणीतरी विचारणारं

२०१२-१३ मध्ये हरियाणात महेंद्रगढ आणि कुरुक्षेत्र जिल्ह्यांतल्या ४०० शाळांत राज्य सरकारसोबत चाचणी झाली. या वेळी तीन गोष्टी बदलल्या. रोजचा एक तास या कामासाठी राखून ठेवला. त्या तासाला तिसरी ते पाचवीची मुलं इयत्ता सोडून पातळीनुसार गटांत बसायची. पाचवीतलं मूल अक्षराच्या पातळीवर असेल तर ते अक्षरांच्या गटात. आणि गट पातळीवरचे साहाय्यक समन्वयक, म्हणजे आपल्याकडच्या साधनव्यक्तींसारखे लोक, आधी स्वतः काही दिवस मुलांना या पद्धतीनं शिकवून मगच शिक्षकांना मार्गदर्शन करायला गेले. प्रश्न विचारणाऱ्यानं आधी स्वतः करून पाहिलं होतं.

रचनेतला बारकावा : तास वाढवला तर फायदा पद्धतीचा की जास्त वेळाचा? म्हणून नियंत्रित शाळांतही शाळेची वेळ एक तासानं वाढवली होती. तिथे तो तास नेहमीच्या शिकवण्यात मिसळून गेला.

हिंदीच्या गुणांत ०.१५ प्रमाण विचलनाची वाढ झाली. गणितात नाही, आणि कार्यक्रम भाषेचाच होता, त्यामुळे ते अपेक्षितच. याच अभ्यासात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाचाही वेगळा गट होता. त्याचा शिकण्यावर परिणाम आढळला नाही. नोंदी भरल्यानं मूल वाचायला लागत नाही, हे शिक्षकांना आधीच ठाऊक असावं.

उत्तर प्रदेश : शिबिर शाळेतच

जिथे शासनाची चौकट इतकी हलवणं जमत नाही तिथे काय? २०१३-१४ मध्ये उन्नाव आणि सीतापूर जिल्ह्यांत ‘प्रथम’च्या कार्यकर्त्यांनी गावातल्या स्वयंसेवकांना सोबत घेऊन शाळेच्याच वेळेत, शाळेतच, दहा किंवा वीस दिवसांची शिबिरं घेतली. वर्षभरात एकूण साधारण पन्नास दिवस. बाराखडीचा तक्ता रोज वाचणं, छोटा परिच्छेद मोठ्यानं, त्यावर गप्पा, शब्दांचे खेळ, मनातलं लिहिणं, असा दिवस. वाढ ०.६ ते ०.७ प्रमाण विचलन. वर्षाअखेर या शाळांतली जवळपास निम्मी मुलं परिच्छेद किंवा गोष्ट वाचत होती. नियंत्रित शाळांत हे प्रमाण पाव होतं.

इथे एक सावधगिरी. ०.१५ आणि ०.७ शेजारी ठेवून ‘शिबिरं हरियाणाच्या पद्धतीपेक्षा साडेचार पट चांगली’ असं लिहू नका. राज्यं वेगळी, वर्षं वेगळी, सुरुवातीच्या पातळ्या वेगळ्या, शिकवणारे वेगळे. लॉटरी त्या त्या चाचणीच्या *आत* झाली, दोन चाचण्यांच्या *मध्ये* नाही. आणि चारशे शाळांत सरकारी यंत्रणेतून आलेला ०.१५ एखाद्या राज्याला जास्त उपयोगी पडू शकतो.

या सगळ्या मालिकेचा एकत्रित लेख २०१७ मध्ये आला आणि २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल बॅनर्जी, डुफ्लो आणि क्रेमर यांना मिळालं. त्यानंतर ‘योग्य पातळीवर शिकवणं’ ही पद्धत सिद्ध झालेली आहे, असं एका ओळीत लिहिण्याची सोय झाली. ती ओळ अपुरी आहे हे आता तुमच्या लक्षात आलं असेल. मुलं शिकू शकतात हे बडोद्यातच दिसलं होतं. उरलेल्या दहा वर्षांत शोधलं गेलं ते हे, की ती शिकतील अशी वेळ, जागा आणि माणूस शाळेच्या दिवसात कसा बसवायचा.

अजून एक मर्यादा. या चाचण्यांत मुख्यतः तिसरी ते पाचवीची, मागे पडलेली मुलं होती. पहिली-दुसरीत मूल मागे पडूच नये म्हणून काय करायचं, हा वेगळा प्रश्न आहे. केनियात २०१५ पासून देशभर राबवलेला ‘तुसोमे’ हा कार्यक्रम त्या बाजूचा : प्रत्येक मुलाला स्वतःचं पुस्तक, शिक्षकाला रोजच्या पाठाची मार्गदर्शिका आणि वर्गात येऊन बघणारा प्रशिक्षक. गंमत म्हणजे तिथेही नुसत्या पुस्तकांवर कोणी विसंबलं नाही.

तुमच्या आराखड्यासाठी

चारशे शाळा आपल्याकडे नाहीत, अनुदानही नाही. तरी एवढं नक्की करता येतं :

१. शिकवणारा वेगळा ठेवा. शक्य असेल तर संशोधकानं शिकवू नये. शिकवावंच लागलं तर निष्कर्षात तसं स्पष्ट लिहा, मर्यादांच्या शेवटच्या ओळीत लपवू नका.

२. कार्यक्रम प्रत्यक्ष झाला का, हे मोजा. किती दिवस तास झाला, गट खरोखर बसले का, किती मुलं आली. ही नोंद नसेल तर शून्य परिणामाचा अर्थच लावता येत नाही. पद्धत चालली नाही, की ती वर्गात आलीच नाही?

३. लॉटरी ज्याची, एकक त्याचं. शाळा चिठ्ठ्या टाकून निवडल्या आणि विश्लेषण मुलांचं केलं, तर नमुना फुगतो. एका शाळेतली मुलं एकमेकांसारखी असतात. समजा १०० शाळांत प्रत्येकी ३० मुलं आहेत आणि शाळेअंतर्गत सहसंबंध ०.२ आहे. मग १ अधिक २९ गुणिले ०.२, म्हणजे ६.८ नं भागायचं. ३,००० मुलांचं वजन साधारण ४४० मुलांएवढं. आणि दोनच तुकड्या असतील तर एकक दोनच. तिथे टी-चाचणीनं फार मोठं काही सिद्ध होत नाही.

४. उशिराची चाचणी ठेवा. उत्तरचाचणीनंतर सहा महिन्यांनी एकदा पुन्हा त्याच मुलांकडे जा.

५. शून्य निष्कर्ष लिहा. सगळीकडे परिकल्पनेचा त्यागच झाला पाहिजे असं नाही. जुलैतला शून्य नसता तर हरियाणातला एक तास कोणाला सुचला नसता.

शेवटी एक सोपा व्यायाम. तुमच्या शीर्षकातला ‘कार्यक्रम’ हा शब्द खोडा आणि त्या जागी पूर्ण वाक्य लिहा : कोण, कोणत्या मुलांना, शाळेच्या कोणत्या वेळेत, काय बाजूला ठेवून, किती दिवस शिकवणार, आणि तो तास झाला का हे कोण बघणार. वाक्य लांबलचक होईल, शीर्षकात मावणारही नाही. मावायची गरजही नाही. ते वाक्य लिहून झालं की ‘संशोधन प्रश्न जमत नाहीये’ ही तक्रार बहुधा उरणार नाही, आणि सल्लागार समितीत "हे शिक्षक का करतील?" असं कोणी विचारलं तर तुमच्याकडे सांगायला काहीतरी असेल.